न चिकटणारा लेप भट्टीत ठरतो

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, भोगले कुटुंबाने १९६८ साली ‘निर्लेप’ या नावाने न चिकटणाऱ्या भांड्यांचा उद्योग उभा केला, आणि भारतीय स्वयंपाकघराला अशा भांड्यांची ओळख करून देणाऱ्या अग्रणी उद्योगांत त्याचे नाव घेतले जाते. अर्धशतकानंतर, २०१८ मध्ये, बजाज इलेक्ट्रिकल्सने हा व्यवसाय ताब्यात घेतला. तरीही मराठवाड्यातील अनेक घरांत कोणत्याही कंपनीचा काळा गुळगुळीत तवा आजही ‘निर्लेपचा तवा’ म्हणूनच मागितला जातो. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात ज्वारीची भाकरी अजून लोखंडी तव्यावरच भाजली जात असली, तरी धिरडी, डोसे आणि आम्लेट यांच्यासाठी हा दुसरा तवा घरात येऊन आता बराच काळ लोटला आहे. न चिकटणारे असे दोन तवे दिसायला सारखे असतात, त्यांच्या किमतीतही फारसा फरक नसतो, आणि तरीही एक वर्षानुवर्षे टिकतो, तर दुसऱ्याचा लेप काही महिन्यांत सुटू लागतो. घरातली मंडळी हलक्या मालाला दोष देतात, विक्रेता स्टीलच्या उलथन्याला दोष देतो, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. परंतु ज्याची चर्चा क्वचितच होते असे तिसरे कारण म्हणजे कारखान्यातील भट्टीत त्या लेपाला मिळालेली, किंवा न मिळालेली, उष्णता. या उष्णता देण्याच्या क्रियेला औद्योगिक व्यवहारात ‘क्युअरिंग’ म्हणतात. लेपाचा डबा कितीही उंची असला, तरी त्याचे गुण भट्टीतल्या काही मोजक्या मिनिटांत प्रकट होतात किंवा कायमचे हुकतात.

या लेपातील मुख्य द्रव्य पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन, संक्षेपाने पीटीएफई, हे आहे. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा रसायनशास्त्रज्ञ शीतकरणासाठी लागणाऱ्या वायूंवर काम करीत असताना, ६ एप्रिल १९३८ रोजी, वायूने भरलेल्या एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना, म्हणून ते कापून पाहण्यात आले, आणि आत एक पांढरी, मेणासारखी भुकटी आढळली. वायूचे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, आपोआप तयार झाले होते. पुढे ‘टेफ्लॉन’ या व्यापारी नावाने प्रसिद्ध झालेला हा पदार्थ प्रथम उद्योगांत आणि युद्धकाळातील अणुसंशोधनात वापरला गेला. स्वयंपाकघरात तो फ्रान्समार्गे आला. मार्क ग्रेगोआर या अभियंत्याने १९५४ मध्ये अॅल्युमिनियमवर तो बसवण्याची युक्ती शोधली, आणि १९५६ मध्ये ‘टेफाल’ ही कंपनी स्थापन केली. पीटीएफईच्या साखळीत कार्बनच्या कण्याभोवती फ्लोरिनच्या अणूंचे घट्ट आवरण असते, आणि कार्बन व फ्लोरिन यांच्यातील बंध इतका मजबूत असतो की दुसऱ्या कोणत्याही पदार्थाशी जवळीक करण्यास त्या रेणूजवळ काही शिल्लक राहत नाही. परिणामी पाणी, तेल, पीठ, डिंक यांपैकी काहीच त्यावर नीट पसरत नाही.

येथेच पहिला पेच उभा राहतो. ज्याला काहीच चिकटत नाही, तो पदार्थ स्वतः धातूला कसा चिकटावा? याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळते. प्रथम धातूचा पृष्ठभाग तेल-मेणापासून स्वच्छ करून त्यावर बारीक कठीण कणांचा जोरदार मारा केला जातो, ज्याला ‘ग्रिट ब्लास्टिंग’ म्हणतात, आणि त्यामुळे डोळ्यांना फारसे न जाणवणारे असंख्य खाचखळगे तयार होतात. त्यानंतर ‘प्रायमर’ नावाचा पहिला थर फवारला जातो, ज्यात पीटीएफईबरोबर पॉलिअमाइड-इमाइडसारखी उष्णता सहन करणारी बंधक राळ असते. ही राळ धातूला धरते, खाचांमध्ये रुतते, आणि पीटीएफईच्या कणांनाही आपल्यात गुंतवून ठेवते. मात्र फवारणीच्या वेळी राळ आणि पीटीएफई यांचे केवळ मिश्रण असते. राळ खाली धातूकडे आणि फ्लुरोपॉलिमर, म्हणजे फ्लोरिनयुक्त पीटीएफई, वर पृष्ठभागाकडे, अशी त्यांची विभागणी उष्णतेमुळे भट्टीतच होते. म्हणजे धातूला घट्ट धरणारा तळ आणि कशालाच न धरणारा माथा हे दोन परस्परविरोधी गुण एकाच पातळ पापुद्र्यात निर्माण करण्याचे काम भट्टीकडे असते, आणि ते अर्धवट झाले तर दोन्ही गुण अर्धवटच राहतात.

चांगल्या भांड्यावर असे दोन किंवा तीन थर असतात. प्रायमर, कधी मधला थर, आणि वरचा ‘टॉपकोट’ मिळून साधारण २५ ते ४० मायक्रॉन जाडी भरते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे थर एकेक करून पूर्ण भाजले जात नाहीत, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. प्रायमर एकदा पूर्ण पक्का झाला की त्याच्या पृष्ठभागावर पीटीएफई आलेले असते, आणि मग त्यावर पुढचा थर नीट बसत नाही. म्हणून पहिला थर केवळ पाणी उडून जाईल इतका, सामान्यतः शंभर अंशांच्या आसपास, सुकवला जातो, त्यावर दुसरा थर देतात, आणि शेवटी सर्व थर मिळून एकदाच भट्टीत जातात, म्हणजे थरांच्या सीमेवरील कण एकमेकांत मिसळून एकसंध होतात. ज्या कारखान्यात वेळेची किंवा भट्टीतील जागेची अडचण म्हणून हा क्रम मोडला जातो, तेथील मालात पुढे वरचा थर खालच्या थरापासून सुटताना दिसतो, आणि त्याचा दोष मात्र रंगाच्या डब्याला दिला जातो.

द्रव लेपात पीटीएफई विरघळलेले नसते, कारण ते जवळजवळ कोणत्याच द्रावकात विरघळत नाही, सुमारे ०.२ मायक्रॉन आकाराचे त्याचे कण पाण्यात तरंगत असतात, आणि ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून पृष्ठसक्रियके, म्हणजे साबणाच्या वर्गातील पदार्थ, घातलेले असतात. भट्टीत भांडे तापू लागले की आधी पाणी जाते, मग ही पृष्ठसक्रियके आणि घट्टपणासाठी घातलेले इतर सेंद्रिय पदार्थ विघटित होऊन वाफेच्या व वायूच्या रूपाने निघतात, त्याच सुमारास बंधक राळेची रासायनिक जोडणी पूर्ण होते आणि तिच्यातूनही थोडे पाणी सुटते, आणि अखेरीस पीटीएफईचे कण वितळून एकमेकांना जोडले जातात. या टप्प्यांना आपापला वेळ मिळावा लागतो. तव्यावर भाकरी टाकल्यावर तिचा वरचा पृष्ठभाग झटकन बंद होतो आणि आतली वाफ अडकून टम्म पापुद्रा उचलला जातो. भाकरीत जो गुण, तोच लेपात दोष, कारण भट्टी एकदम तापवली तर वरचा थर आधी बंद होऊन खालची वाफ त्याला फोडाच्या रूपाने उचलते. म्हणूनच भट्टीच्या सुरुवातीच्या भागात चढ सौम्य ठेवतात, आणि ओतीव भांड्यांच्या बाबतीत तर लेप देण्यापूर्वीच ती रिकामी तापवून घेतात, जेणेकरून ओतकामातील बारीक छिद्रांत अडकलेली हवा व तेल आधीच निघून जावे.

येथे पीटीएफईच्या एका विलक्षण स्वभावाची दखल घेणे भाग आहे. नवीन, कधीही न वितळलेले पीटीएफई ३४० अंश सेल्सिअसच्या थोडे वर वितळते, आणि एकदा वितळून थंड झाल्यावर पुढच्या वेळी त्याचा वितळणबिंदू ३२७ अंशांवर येतो. परंतु ते वितळले म्हणजे मेणासारखे वाहू लागले, असे होत नाही. त्याचे रेणू इतके प्रचंड लांब असतात की वितळलेल्या अवस्थेतही त्याची विष्यंदिता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, सामान्य प्लास्टिकच्या कितीतरी पट, अक्षरशः लाखो पट जास्त असते. कण जागच्या जागी मऊ पडतात आणि फक्त शेजारच्या कणाशी सांधले जातात; या सांधण्याला ‘सिंटरिंग’ म्हणतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की सुकताना लेपात भेगा पडल्या असतील, तर भट्टी त्या भरून काढणार नाही. एकाच वेळी फार जाड थर दिला की पाणी जाताना आक्रसून त्याला आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात, आणि त्या तशाच कायम होतात. हा दोष भट्टीचा नसतो, तो फवारणीच्या बंदुकीचा असतो, पण दिसतो मात्र भट्टीतून बाहेर आल्यावर. या अडचणीवर उपाय म्हणून पीएफए या दुसऱ्या फ्लुरोपॉलिमरचा उपयोग होतो. ते सुमारे ३०५ अंशांवर वितळते आणि खरोखर वाहते, त्यामुळे पीटीएफईच्या कणांमधील सूक्ष्म फटी ते भरते. एफईपी हे त्याच कुळातले तिसरे, २६० अंशांच्या आसपास वितळणारे. रासायनिक कारखान्यांतील टाक्या व नळांना छिद्रहीन लेप हवा असतो, तेथे या दोघांना पसंती मिळते.

आता क्युअरिंगच्या मुख्य मुद्द्याकडे येता येईल. तांत्रिक माहितीपत्रकात ‘४०० ते ४२० अंश, पाच मिनिटे’ अशा स्वरूपाची सूचना असते, आणि ती वाचून भट्टीचा काटा ४२० वर लावून पाच मिनिटांनी माल बाहेर काढणारा कारागीर आपण सूचना तंतोतंत पाळली, असे प्रामाणिकपणे समजत असतो. वास्तविक पत्रकातील ते तापमान भट्टीतील हवेचे नसून भांड्याच्या धातूचे असते, आणि ती पाच मिनिटे भांडे भट्टीत शिरल्यापासून नव्हे, तर धातू त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची असतात. हवा तापायला वेळ लागत नाही, धातूला लागतो. पातळ पत्र्याचा तवा आणि जाड बुडाची कढई एकाच भट्टीतून, एकाच वेगाने गेली, तर तवा ठरलेल्या तापमानाला पोहोचून वर चार मिनिटे तेथे राहिलेला असेल आणि कढई त्या तापमानाला स्पर्शही न करता बाहेर आलेली असेल, हे सहज घडू शकते. एकाच भांड्यातही काठ आधी तापतो आणि बूड मागे राहते. लेपाची खरी परीक्षा मात्र बुडावरच होते, कारण आच तेथे लागते आणि उलथने तेथे फिरते. त्यात ज्या ट्रॉलीवर किंवा आकड्यांवर माल टांगलेला असतो ते लोखंडही उष्णता पिते, भट्टी खच्चून भरली की हवा फिरायला जागा उरत नाही, आणि दार ज्या बाजूला आहे तो कोपरा नेहमीच थोडा थंड राहतो. भट्टीच्या भिंतीवरचा काटा यांपैकी काहीच सांगत नाही.

यावरील उपाय नवा किंवा अवघड नाही. थर्मोकपल नावाची, दोन भिन्न धातूंच्या तारांची तापमान मोजणारी जोडणी भांड्याच्या सर्वांत जाड भागाला, काठाला, तसेच भट्टीतील हवेत अशी ठिकठिकाणी लावतात, आणि त्यांच्या नोंदी घेणारे यंत्र उष्णतारोधक पेटीत घालून मालाबरोबरच भट्टीतून फिरवतात. बाहेर आल्यावर वेळ आणि तापमान यांचा जो आलेख मिळतो, त्यात प्रत्येक जागा किती वेगाने चढली, शिखरावर किती मिनिटे राहिली आणि कशी उतरली, हे स्पष्ट दिसते. मालाचा आकार, जाडी किंवा भरणा बदलला की हा आलेख पुन्हा काढावा लागतो. मोठ्या कारखान्यांत ही नित्याची गोष्ट आहे. कंत्राटावर दुसऱ्यांच्या मालाला लेप देणाऱ्या लहान ‘जॉबवर्क’ शेडमध्ये मात्र बहुधा अनुभवी माणसाच्या नजरेवर भिस्त असते. ती नजर पुष्कळदा बरोबरही ठरते. पण विजेच्या दाबात चढउतार झाला, बर्नरचे एक तोंड चोंदले किंवा नव्या गिऱ्हाईकाचा दुप्पट जाडीचा माल आला, की नजरेला ते कळायला उशीर होतो.

कमी भाजलेल्या लेपात कण पुरते सांधलेले नसतात, त्यामुळे तो नखानेही खरवडला जाऊ शकतो, मसाल्याचे डाग धरतो, आणि मागे राहिलेल्या सेंद्रिय अंशामुळे पहिल्या वापरांत वास येतो. अति भाजलेल्या लेपाची चकाकी जाते, रंग पिवळट किंवा तपकिरी होतो, बंधक राळ हवेतील ऑक्सिजनमुळे जळून धातूवरची पकड सैल करते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. कमी भाजलेला माल, तो स्वच्छ असेल तर, पुन्हा भट्टीत घालून बऱ्याच वेळा सुधारता येतो, कारण पीटीएफई पुन्हा वितळू शकते. जळलेली राळ मात्र परत येत नाही, आणि तो माल संपूर्ण खरवडून नव्याने लेपावा लागतो. इंधन वाचवण्याच्या नादात बहुतेक चुका पहिल्या प्रकारच्या होतात, आणि वाईट हे की त्या कारखान्याच्या दारात दिसत नाहीत, गिऱ्हाइकाच्या चुलीवर दिसतात.

भट्टीतून बाहेर आल्यावर भांडे कसे थंड होते, यालाही महत्त्व आहे. सावकाश थंड होताना पीटीएफईच्या साखळ्यांना शिस्तीत रचून घेण्यास सवड मिळते, म्हणजे स्फटिकता वाढते, लेप अधिक ताठ होतो आणि त्यातून वाफ व द्रव कमी झिरपतात. चटकन थंड केल्यास स्फटिकता कमी राहते आणि लेप अधिक चिवट, वाकवला तरी न तडकणारा होतो. स्वस्त भांडी बनवताना अॅल्युमिनियमच्या सपाट गोल चकत्यांवर, ज्यांना या धंद्यात ‘सर्कल’ म्हणतात, रुळाने लेप देऊन त्या आधी भाजतात आणि नंतर दाबयंत्राखाली त्यांना तव्याचा आकार देतात. तेथे लेपाला वाकणे भाग असल्याने हा चिवटपणा कामाला येतो. उलट पद्धतीत भांडे आधी घडवून मग फवारणी होते. ती महाग पडते, पण थर जाड आणि अधिक टिकाऊ देता येतात.

भांड्यांपलीकडचे औद्योगिक जग याहून मोठे आहे, आणि वाळूज व चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमुळे मराठवाड्याला ते अपरिचित नाही. वाहनांच्या इंजिनातील पिस्टनचा घासणारा भाग, पंपांचे दांडे, गंजापासून वाचवायचे बोल्ट, पाव भाजण्याचे साचे, पिशव्यांची तोंडे उष्णतेने बंद करणाऱ्या पट्ट्या, या सर्वांवर न चिकटणारे किंवा कमी घर्षणाचे लेप असतात. यांतील पुष्कळ लेप एकाच थराचे असून त्यात पीटीएफईचे कण राळेत पेरलेले असतात, आणि येथे क्युअरिंगची निवड म्हणजे गुणांचीच निवड ठरते. तोच लेप कमी तापमानाला अधिक वेळ भाजला, तर पीटीएफई राळेत विखुरलेले राहते, लेप कठीण होतो आणि झीज चांगली सोसतो. अधिक तापमानाला भाजला, तर पीटीएफई पृष्ठभागावर येते, माल सुटण्याचा गुण वाढतो आणि कठीणपणा काहीसा घटतो. पावाच्या साच्याला दुसरे हवे असते, घासणाऱ्या दांड्याला पहिले. त्यामुळे ‘उत्तम क्युअरिंग’ असा एकच आकडा सांगणे शक्य नाही. आधी त्या वस्तूचे काम विचारावे लागते. दुसरे बंधन धातूचे. कठीण केलेली पोलादी स्प्रिंग किंवा उष्णताप्रक्रियेने मजबूत केलेली अॅल्युमिनियमची मिश्रधातू चारशे अंशांत ठेवली तर लेप उत्तम होईल, पण वस्तूच मऊ पडेल. अशा ठिकाणी इपॉक्सी किंवा फिनॉलिक राळेचे, दीडशे-दोनशे अंशांच्या परिसरात पक्के होणारे लेप वापरून थोड्या उण्या गुणांवर समाधान मानावे लागते.

लेप पक्का झाला की नाही, हे तपासण्याच्या कसोट्या साध्या आहेत. अॅल्युमिनियमवरील जाडी विद्युतप्रवाहाच्या तत्त्वावर चालणाऱ्या हातातल्या मापकाने लेपाला धक्का न लावता मोजता येते. धारदार पात्याने बारीक चौकटींची जाळी कापून, भांडे उकळत्या पाण्यात ठेवून, मग चिकटपट्टी लावून ओढतात आणि किती चौकटी निघाल्या ते पाहतात. राळप्रधान लेपावर मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात, कारखान्याच्या बोलीत ‘एमईके’त, भिजवलेला बोळा ठरावीक वेळा घासतात, रंग बोळ्यावर आला तर राळ कच्ची आहे. तेलाशिवाय अंडे तळून ते सुटते का, हे पाहण्याची कसोटीही कारखान्यात खरोखर वापरली जाते, पण तिचा निकाल पहिल्या दिवशी नेहमीच चांगला येतो. कमी भाजलेला लेपही नवा असताना अंडे सोडतो. म्हणून केवळ या एका प्रयोगावर माल पास करणे ही स्वतःची फसवणूक ठरते.

भट्टीतून निघणाऱ्या धुराचा विचार न करता हे वर्णन पुरे होणार नाही. भाजताना बाहेर पडणाऱ्या वायूंत पृष्ठसक्रियकांचे अवशेष असतात, आणि तापमान हाताबाहेर गेले तर पीटीएफईच्या विघटनातून घातक फ्लोरिनयुक्त वायूही निर्माण होतात. म्हणून भट्टीला धूर बाहेर ओढून नेणारा सक्षम धुराडेमार्ग अनिवार्य आहे. या धुरामुळे काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी आणि छाती आवळल्यासारखे वाटणे, असा फ्लूसारखा आजार होतो. त्याचा एक अनपेक्षित मार्ग बिडी-सिगारेट हा आहे. हाताला लागलेली पीटीएफईची भुकटी तंबाखूवर पडली की जळत्या टोकाच्या उष्णतेत तिचे विघटन होते आणि धूर थेट फुप्फुसात जातो, त्यामुळे अशा विभागात धूम्रपानावरील बंदी ही केवळ आगीसाठी नसते. ही गोष्ट कामगाराला त्याच्या भाषेत, कारणासह सांगितली गेली तरच पाळली जाते. भिंतीवरची नुसती पाटी पुरत नाही. पीटीएफईच्या निर्मितीत पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन निसर्गात व शरीरात दीर्घकाळ टिकून राहते, म्हणून अमेरिकेत २००६ पासून आठ मोठ्या उत्पादकांनी ते टप्प्याटप्प्याने, २०१५ पर्यंत, बंद करण्याचे मान्य केले, आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. भांड्यावर ‘पीएफओए-मुक्त’ असे छापलेले असते ते यामुळे. ही खूण कच्च्या मालाबद्दल काही सांगते. लेप नीट भाजला गेला की नाही याबद्दल मात्र तिच्यातून काहीही कळत नाही.

भारतात पीटीएफईचे उत्पादन प्रथम सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान फ्लुरोकार्बन्स या कंपनीने आजच्या तेलंगणातील रुद्रारम येथे केले. ती कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०२० मध्ये मंजुरी दिली, आणि आता गुजरात फ्लुरोकेमिकल्सचा दहेज येथील कारखाना हे देशातील मोठे उत्पादनकेंद्र आहे. हे सारे पीटीएफईबद्दल झाले. ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे लेप निराळे आहेत; त्यांचा आधार सिलिका असतो, ते पीटीएफईपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पक्के होतात, जास्त आच सोसतात, पण त्यांचा न चिकटण्याचा गुण सामान्यतः लवकर ओसरतो.

चांगला भाजलेला लेपही घरात बिघडवता येतो. त्याची सततच्या वापराची मर्यादा २६० अंश मानली जाते, आणि मोठ्या आचेवर रिकामा ठेवलेला तवा काही मिनिटांतच ती ओलांडतो. लाकडाच्या चुलीवर तर आचेला आवर घालणे आणखी कठीण. म्हणून ज्वारीची भाकरी लोखंडी तव्यावरच भाजण्याची चकलांब्यासारख्या गावांतील रीत तांत्रिकदृष्ट्याही योग्य आहे, आणि न चिकटणारा तवा मध्यम आचेवरच्या, ओल्या पिठाच्या पदार्थांसाठी राखून ठेवणे हेच बरे. पिंजऱ्यात पोपट असेल तर तो स्वयंपाकघराबाहेर ठेवावा, कारण अति तापलेल्या लेपाचा धूर पक्ष्यांना जीवघेणा ठरतो.

कारखान्याच्या बाजूने करण्यासारखे काम याहून थोडे आणि अधिक निर्णायक आहे. एखाद्या लहान जॉबवर्क शेडला भट्टीतून फिरणारे तापमान-नोंदणी यंत्र विकत घेणे परवडणार नाही. पण वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या सामाईक सुविधा ज्या हेतूने उभ्या राहिल्या, त्यात असे यंत्र भाड्याने देण्याची आणि त्याचा आलेख वाचायला शिकवण्याची सोय सहज बसू शकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रंगकामाच्या अभ्यासक्रमातही हवेचे तापमान आणि धातूचे तापमान यांतील फरक प्रात्यक्षिकासह शिकवला जावा. आणि भांडी विकणाऱ्या कंपन्यांनी खोक्यावर ‘तीन थरांचा’, ‘पाच थरांचा’ अशी जाहिरात करण्याऐवजी लेपाची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये आणि चिकटण्याच्या कसोटीचा निकाल छापावा. ग्राहकांनीही दुकानात थरांची संख्या विचारण्यापेक्षा हे दोन आकडे मागायला सुरुवात करावी.